सतरा बांड्या आणि पाच मिनिटं

मायणीच्या थांब्यावर गाडीत गर्दी शिरली तेव्हा प्रांजल खिडकीबाहेर बघत होती. मान वळवली तर एक उंच तरुण तिच्या शेजारच्या घोंगड्यावर बसायच्या बेतात, अर्धा वाकलेला.

"आवं, तिथं नका बसू," ती म्हणाली. "त्यात जीव हाय."

तो तसाच अधांतरी थांबला. हळूच विचारलं, "कोकरू हाय व्हय?"

"लॅपटॉप."

"जिता का गेलेला?"

"गेल्यातच जमा. विट्याला दाखवायला चाललीया."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर एक बारीक, जुनी भाजल्याची खूण हलली. प्रांजलनं घोंगडं उचलून मांडीवर घेतलं आणि तो बसला. मग पुढचे बारा-पंधरा किलोमीटर त्या घोंगड्याला लोकरीचा कसला वास येतो, यावर दोघांचं बोलणं झालं. तो म्हणाला, पावसात भिजलेल्या मातीचा. ती म्हणाली, पाऊस आमच्याकडं वर्सातनं दोनदा पाव्हणा येतो, तवा तुमाला वास आला तो मेंढराचाच. विटा आलं तेव्हा त्यानं सांगितलं की त्याचं नाव वीरधवल, आणि लॅपटॉप दुरुस्तीचं एक दुकान पेठेतल्या बोळात आहे.

"चांगलं करतो का तो?" तिनं विचारलं.

"बरा हाय. थोडा सावकाश हाय."

ती विचारत विचारत त्या बोळात पोचली, तर कुलूप उघडत तोच उभा.

*

प्रांजल साताऱ्याला संख्याशास्त्र शिकत होती. घर म्हसवडच्या पुढं, माळावर. मेंढरांचं घर. दोन वर्षं तिनं घरच्या कळपाची नोंद ठेवली होती. कुठल्या मेंढीला कधी कोकरू झालं, त्याचं वजन किती भरलं, जगलं की गेलं. परीक्षेचा प्रकल्प म्हणून सुरू केलेलं ते काम आता निराळ्याच कारणासाठी अडून बसलं होतं.

तिच्या आजीनं, सुलाबाईनं, लग्नात माहेराहून एक मेंढी आणली होती. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, नाव बांडी. त्या एका बांडीची लेकरं, त्यांची लेकरं... आता कळपात ठायी ठायी तीच जात. आणि प्रांजलचे वडील सिद्धू, सगळे त्यांना आबा म्हणत, त्यांनी मागच्या आठवड्यात ठरवून टाकलं होतं. "बांडीची कोकरं जगत न्हाईत. कवाबी बघावं तर बांडीचंच गेलेलं असतंय. समदी जात काढून टाकू, थोराड अंगाची आणू." बुधवारच्या बाजाराला व्यापारी टेम्पो घेऊन येणार होता. तेव्हापासून सुलाबाई घरात कुणाशी बोलत नव्हती. भाकरी घेऊन वाघरीत, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, जायची, एक तुकडा आपण खायची, एक बांडीला द्यायची.

प्रांजल म्हणाली होती, आबा, माझ्याकडं दोन वर्सांचं लिवलेलं हाय, बघून तरी विका. आबा म्हणाले, बुधवारपातूर. म्होरं न्हाई. आणि दुसऱ्याच दिवशी तिचा जुना लॅपटॉप सुरू होता होता थिजला, तो थिजलाच.

हे सगळं तिनं त्या परक्या माणसाला का सांगितलं, तिचं तिलाच कळलं नाही. तो ऐकत होता आणि एका मऊ ब्रशनं लॅपटॉपच्या बटणांमधली धूळ काढत होता. ती धूळ त्यानं फुंकून टाकली नाही. एका कागदावर घेतली, आणि त्या कागदाची बारीक पुडी बांधली.

"त्यात काय हाय आता?" ती म्हणाली. "आमच्या मेंढरांची लोकर आन माळाची माती."

"सवय हाय," तो म्हणाला. "आमचं गलाईचं घर, सोनं-चांदी गाळायचं. बाबांचं दुकान मदुराईला, माझं बालपण भट्टीपाशीच गेलं. सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुदिक आमी टाकत न्हाई. जाळायची, गाळायची, मग बघायचं काय निघतंय ते."

"आन हितं काय निघंल?"

त्यानं पुडी खिशात ठेवली. "बघू की."

मग तो कामाला लागला. लॅपटॉप म्हातारा आहे, म्हणाला. आतली सिस्टीम त्याला पेलत नाही. तिच्या जागी उबुंटू घालू, हलकं असतं, सगळ्या जगातल्या लोकांनी मिळून केलेलं, कुणाच्या मालकीचं नाही. गावच्या विहिरीसारखं. पण त्याच्या आधी त्यानं तिची एकूण एक फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. आधी माल बाजूला, मग भट्टी.

तासाभरात पडद्यावर नवा उजेड आला. प्रांजलनं सांगितलं की सरांनी आर वापरायला सांगितलंय, आकडेवारीचं सॉफ्टवेअर. ते लगेच बसलं. पण सरांनी लिहून दिलेला प्रोग्रॅम चालायला वर आणखी दहा-बारा पॅकेजेस, जोडीचे छोटे प्रोग्रॅम, लागत होती. वीरधवलनं एक ओळ टाईप केली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धो धो पळायला लागल्या.

"हे काय चाललंय?"

"दळण," तो म्हणाला. "तयार पीठ न्हाई आणलं. समदं धान्यापासनं दळून घेतंय तुमचं मशीन. येळ लागंल."

"किती?"

तो पडद्याकडं बघत राहिला. जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"...लागंल," म्हणाला.

*

वेळ लागलाच. त्या गुरुवारी दुपारभर दळण चाललं आणि शेवटी कुठलातरी भाग नाही म्हणून अडलं. शनिवारी तो भाग घातला, तर दुसराच अडला. लॅपटॉप दुकानातच राहिला आणि प्रांजल घर ते विटा, विटा ते घर अशी गाडीनं येत-जात राहिली. माघाचं कोरडं वारं खिडकीतून यायचं, केसांत धूळ बसायची, आणि विटा जवळ आलं की ती उगाच ओढणीनं तोंड पुसायची. आपण तोंड का पुसतोय हे तिनं स्वतःला एकदाही विचारलं नाही.

दुकानात दुसरं स्टूल नव्हतं. शनिवारी एक दिसलं, नवं.

"गिऱ्हाइकं वाढली वाटतं," ती म्हणाली.

"एकच वाढलंय. पण ते लय उभं ऱ्हायचं."

ओळी पळत राहायच्या आणि दोघं बोलत राहायची. त्यानं मदुराईच्या गल्ल्या सांगितल्या, ॲसिडच्या वाफेनं बाबांना लागलेला खोकला सांगितला, आणि त्या खोकल्यामुळंच बाबांनी आपल्याला भट्टीवर बसू दिलं नाही, हेही. गालावरची खूण सात वर्षांचा असताना उडालेल्या ठिणगीची. तिनं माळावरच्या वाघरी सांगितल्या, कोकरू हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, ही तिची रीत सांगितली.

"म्हंजी दोन वर्सांत तुमचं वजन किती वाढलं, तेबी लिवलेलं आसंल त्यात," तो म्हणाला.

"त्ये पान फाडलंय."

"फाडलेलंबी मिळतंय आमाला. डिस्क माझ्याकडंच हाय."

तिनं त्याच्याकडं रागानं बघितलं. निदान तसा बेत होता. बघितलं, आणि नजर काढून घ्यायला क्षणभर उशीर झाला.

शनिवारी दुपारी, दळण चालू असताना, तो सहज तिची फाईल चाळत होता. एका जागी थांबला.

"प्रांजल," पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं, "ही बांडी लय कर्तबगार दिसतीया. दोन वर्सांत चव्वेचाळीस कोकरं."

ती हसली. आणि हसता हसता तिचं हसू ओठांवरच थांबलं.

मेंढरं मोजायची नसतात. त्यांच्या घराण्यात कुणीच मोजत नाही. मोजली की दृष्ट लागते. कळप कमी-जास्त झाला तर नुसत्या नजरेनं कळतो. त्यामुळं तिनं कुठल्याच मेंढीला आकडा दिला नव्हता, फक्त नाव लिहिलं होतं. आणि नाव तर आईचं लेकीला लागतं. बांडीची लेक बांडी, तिची लेक बांडी. घरात कुणाचा कधी घोटाळा होत नाही. आजी 'बांडे' म्हणून ज्या आवाजात हाक मारते, त्यावरून जिची हाक तीच मान वर करते. पण मशीनला आजीचा आवाज कुठला कळायला? त्याच्या लेखी बांडी एकच.

"नाव एक, पर बांड्या लय. मशीनला न्हाई कळलं," ती हळू म्हणाली. "आबांनाबी तेच झालंय. कोकरू गेलं की कोणतरी म्हणतंय, बांडीचं गेलं. पर कुठल्या बांडीचं? किती बांड्या हायत हेच कुणी मोजलं न्हाई."

"मग मोजू या," वीरधवल म्हणाला. "हितं दुकानात काय दृष्ट लागत न्हाई. छपराला आधीच गळती हाय."

त्यांनी सुलाबाईला फोन लावला. आठवडाभर घरात तोंड न उघडलेली म्हातारी आधी नुसतीच ऐकत राहिली. मग नातीनं विचारलं, आजे, तुझ्या बांड्या मला एकेक करून सांग, आकडा नको, नुसती वळख सांग. तेव्हा ती बोलायला लागली. आणि ती बोलायला लागली की तिचं बोलणं जात्यावरच्या ओव्यांच्या वळणानंच यायचं.

"पहिली माझी बांडी, माळावरची सावली,
तिच्या पोटची चांदकपाळी, दुष्काळात निभावली...
दुसरी माझी बांडी, कान तिचा मोडका,
लेकराला पाजताना, पान्हा न्हाई तोकडा..."

फोन टेबलावर, मध्ये. दोन डोकी त्यावर वाकलेली. आजी गायची, प्रांजल ओळखायची, वीरधवल प्रत्येक नावापुढं खूण आणि जन्माचं साल लिहायचा. बांडी-चांदकपाळी, बांडी-मोडकान, बांडी-पाऊसवाली. कोकरांची वाटणी त्या त्या आईकडं. शनिवारी अर्धं झालं, सोमवारी उरलेलं. आजीचं सांगून संपलं तेव्हा यादीत सतरा नावं होती, आणि मागं काळ्या पडद्यावर दळण अजून चालूच होतं.

सोमवारी निघताना ती म्हणाली, "परवा बाजार हाय. उद्या मिळंल न्हवं?"

"मिळंल," तो म्हणाला. पण तिच्याकडं बघून म्हणाला नाही.

*

संध्याकाळी साक्षीचा फोन आला. साक्षी तिची साताऱ्याच्या वसतिगृहातली खोलीसोबतीण. प्रकल्पाचं विचारलं, तेव्हा प्रांजलनं दळणाची सगळी कथा सांगितली.

"गुरुवारपासनं?" साक्षी म्हणाली. "अगं, उबुंटूवर ती पॅकेजेस तयारच मिळतात. एक ओळ टाकायची. पाच मिनिटांचं काम. मी कालच केलं. तुझ्या त्या दुकानदाराला येत नाही का काम?"

प्रांजलनं ती ओळ एका कागदावर लिहून घेतली. त्याला काम येत होतं. चांगलंच येत होतं. तेच तर टोचत होतं.

मंगळवारी ती दुकानात गेली आणि स्टुलावर बसली नाही. उभ्यानंच लॅपटॉप ओढून घेतला, चाललेलं दळण बंद केलं, कागदावरची ओळ टाईप केली. वीरधवल ती ओळ वाचत होता. भिंतीवरचं घड्याळ टकटकत राहिलं.

पाचसुद्धा लागली नाहीत. साडेचार मिनिटं.

"हे माहीत होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"पहिल्या दिवसापासनं?"

"व्हय."

"आन मी गेल्यावर मशीन चालू ठेवत होता?"

त्यानं मान खाली घातली. "न्हाई. बंद करायचो. तुमी आला की पुन्ना लावायचो."

"का?"

तो बराच वेळ ब्रशचे केस बोटांनी सरळ करत राहिला.

"पाच मिनटांत झालं असतं तर तुमी पाच मिनटांत उठून गेला असता," तो म्हणाला. "...पहिल्या दिवशी तेवढंच डोक्यात आलं. मग सांगायचं धाडस झालं न्हाई. चुकलं माझं. तुमच्या आजीच्या मेंढरांचं ऐकूनबी केलं, ते लय चुकलं."

प्रांजलच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. तो हुज्जत घालेल, कारणं सांगेल, असं धरून तिनं ते रस्ताभर जुळवलं होतं. पण समोरच्यानं सगळं आधीच कबूल केलं की रागाला उभं राहायला जागा राहत नाही. तिनं लॅपटॉप घोंगड्यात गुंडाळला.

"आबांनी उद्या टेम्पो भरला असता," एवढंच म्हणाली आणि निघाली.

*

गाडीत बसल्या बसल्या तिनं लॅपटॉप उघडला. जुनी बॅटरी, अर्धा तास टिकली तर टिकली. सरांचा प्रोग्रॅम लावला. कुठल्या मेंढीची किती कोकरं दगावली, त्याचा आलेख. दरेक मेंढीला एक दांडा.

सतरा बांड्या ओळीनं आल्या. अकरा जणींपुढं दांडाच नव्हता, मोकळी जागा. सहा जणींपुढं एक-एक, बोटाएवढा. बाकीच्या कळपात बघावं तर निम्म्याअधिक मेंढ्यांपुढं दांडे. सगळ्या कळपात निभावणारी जात कुठली असेल तर ती आजीची.

तिनं खिडकीबाहेर बघितलं. मायणी जवळ येत होती. मनात काहीतरी खुपलं म्हणून तिनं दुसरी फाईल उघडली. जुनी. आजीला फोन लावायच्या आधीची, दुरुस्त न केलेली. तोच प्रोग्रॅम तिच्यावर लावला.

आलेखात एकच बांडी उगवली. तिच्यापुढं सहा कोकरांचा उंचच उंच दांडा, जत्रेतल्या सासनकाठीसारखा, सगळ्या कळपावर उभा.

हाच आलेख तिनं आबांना दाखवला असता. गुरुवारीच. पाच मिनिटांत पॅकेजेस बसली असती, सहाव्या मिनिटाला हा दांडा निघाला असता, आणि बुधवारी तिनंच, तिच्या हातानं, आजीची सगळी जात टेम्पोत भरून दिली असती. आणि वर म्हणाली असती, बघा आबा, तुमचंच खरं.

वीरधवलनं हे तिला सांगितलं नव्हतं. सांगता आलं असतं. 'माझ्या उशिरामुळंच तुमची चूक सापडली' एवढं एक वाक्य त्याच्याकडं आयतं होतं, आणि त्यानं ते वापरलं नव्हतं. नुसतं 'चुकलं माझं' म्हणाला होता.

बॅटरी संपली. काळ्या पडद्यात तिला तिचाच चेहरा दिसला, धुळीनं माखलेला. या वेळी तिनं तो पुसला नाही.

*

बुधवारी सकाळी टेम्पो दारात उभा होता. प्रांजलनं लॅपटॉप वाघरीतच नेला, दगडावर ठेवला आणि आबांना बसवलं. हा दांडा म्हणजे गेलेलं कोकरू. जिथं दांडा नाही, तिथं सगळी जगलेली. आबा बोट ठेवत ठेवत एकेका नावावरून गेले. मोडकान. पाऊसवाली. चांदकपाळी.

"ह्या समद्या बांड्या?"

"समद्या. सतरा."

आकडा ऐकून आबांनी दचकून कळपाकडं बघितलं. पलीकडं सुलाबाई उभी होती. तिनं हाक मारली, एकेकीला, निरनिराळ्या आवाजात. "बांडे..." एक मान वर झाली. "बांडे गं..." दुसरी. आबा ऐकत होते. जन्मभर ऐकलेलंच, पण आज निराळं ऐकत होते.

ते उठले, धोतराची माती झटकली आणि टेम्पोपाशी गेले. "आज माल न्हाई," व्यापाऱ्याला म्हणाले. "आमच्याच बघण्यात चूक झालती."

सुलाबाई नातीजवळ आली. म्हणाली, त्या फोनमधल्या पोराचं नाव काय गं? तू सांगितलेलं ते दळण चालवत लय शांतपणी लिवून घेत होता. प्रांजलनं नाव सांगितलं आणि लगेच कोकराच्या पायाला काय लागलंय ते बघायला वाकली. म्हातारी गालात हसली आणि कळपाकडं तोंड करून, जणू मेंढरांनाच, म्हणाली,

"विट्याच्या गं पेठंला, कुण्या राजाचं दळण,
सरता सरंना बाई, कसं लागलं वळण..."

*

चार दिवसांनी वीरधवल दुकानात एकटा होता. नवं स्टूल भिंतीला लावून ठेवलेलं. दारात सावली पडली म्हणून त्यानं वर बघितलं, तर प्रांजल. काखेत घोंगड्याचं गाठोडं.

"आजीच्या बांड्या ऱ्हाईल्या," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच काहीतरी आठवून मिटला. "बरं झालं," म्हणाला. "...तुमची डिस्क हाय माझ्याकडं. ती न्यायला आला आसाल."

डिस्क काढायला त्यानं खण उघडला. आत डिस्कच्या शेजारी ती कागदाची पुडी होती, जशीच्या तशी. प्रांजलनं ती उचलली आणि उलगडून बघितली. थोडी माळाची माती, लोकरीचे चार पांढरे धागे, एक काळा.

"काय निघालं मग गाळून?" तिनं विचारलं.

"अजून गाळली न्हाई," तो म्हणाला. "धाडस झालं न्हाई."

तिनं पुडी पहिल्या घडीवरच पुन्हा बांधली आणि त्याच्या हातावर ठेवली. मग गाठोडं टेबलावर सोडलं. आत दुसराच लॅपटॉप होता, जुना, कोपरे झिजलेला.

"आमच्या इंद्रजितदादाचा हाय. प्रकल्पाला दुसरं मशीन लागणार. ह्यातबी समदं घालायचं हाय."

वीरधवलनं लॅपटॉप उघडला. या वेळी तो तिच्याकडं सरळ बघून बोलला. "पाच मिनटांचं काम हाय. बसायचीबी गरज न्हाई."

प्रांजल भिंतीपाशी गेली. स्टूल उचललं, त्याच्या खुर्चीजवळ आणून ठेवलं आणि ऐसपैस बसली. ओढणी सारखी केली. बाहेर बोळात वारं धूळ उडवत होतं, आणि तिची शेवटची गाडी सुटायला अजून सगळी दुपार होती.

"ती पाच मिनटांची ओळ मलाबी येती," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी कोण विट्याला येतंय? तुमी धान्यापासनं दळा."